बाहेरच्यांचा नकाशा

ओढा टेकडी चढत होता. माझ्या फोनच्या पडद्यावर, आपत्ती खात्याच्या नकाशात. मारश्रुत्का, म्हणजे आमची शहरातली मिनीबस, बाजाराच्या चौकात अडकून पडली होती, शेजारच्या बाईने कांद्याची पिशवी निम्मी माझ्या मांडीवर टेकवली होती आणि ड्रायव्हर कुणालातरी खिडकीतून शिव्या देत होता. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. निळी रेघ होती तिथेच होती. कोक-झार गावाच्या खालून यायची ती शाळेच्या टेकडीवर चढली होती, शाळेच्या अंगणातून गेली होती आणि पलीकडे निवांत उतरली होती. खाली आकाशातून काढलेला गावाचा फोटो, त्यावर आमच्या नकाशा खात्याची ही निळी रेघ आणि रेघेच्या दोन्ही अंगांना आपत्ती खात्याने रंगवलेला लाल पट्टा. डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला तर तो इथून जाईल, असा त्या लाल रंगाचा अर्थ. त्या टेकडीवर मी लहानाची मोठी झाले. तिथे पाणी चढायचं ते बादल्यांतून, आणि बादल्या आमच्या हातांत असायच्या. पाणी आपणहून चढ चढत नाही हे कळायला नकाशे काढण्यात आयुष्य घालवावं लागत नाही, पण मी घातलंय, आणि तरी दोनदा चष्मा पुसला. इतका आमचा छापील रेघेवर विश्वास.

मी तो नकाशा उघडला तो एजेमुळे. एजे म्हणजे माझी थोरली बहीण अनारकान. आमच्याकडे थोरलीला नावाने हाक मारत नाहीत आणि हिला तर मारूच नये. थोड्या वेळापूर्वी तिचा फोन आला होता, आणि तिच्या आवाजात अशी खुशी होती की मला आधी वाटलं, चुकीचा नंबर लागला. "बुरुल, ऐकलंस का? आम्ही लाल पट्ट्याच्या बाहेर. गावच्या कचेरीत मोठा नकाशा लावलाय. टेकडीवरचे सगळे आत आणि आम्ही बाहेर." मी म्हटलं, एजे, तुमचं घर ओढ्याच्या वळणावर आहे, तुम्ही बाहेर कसे? "बाहेर म्हणजे बाहेर. त्या सालकिनचं तोंड बघायला हवं होतंस. वर्षानुवर्षं टेकडीवरून आम्हाला ऐकवायची, तुमचं काय बाई, एक दिवस जाल वाहून. आता तिलाच घर सोडायची नोटीस. कचेरीत बसून रडत होती. मी म्हटलं, रड बाई, डोळ्यांतलं पाणी तरी खाली उतरेल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बांधकामाची परवानगी मिळाली. सोमवारी पाया खणतोय. व्याह्यांची हरकत तेवढीच होती, तीही गेली. आणि नकाशाच्या खाली तुझ्या खात्याचं नाव आहे, बरं का. मी सगळ्यांना सांगितलं, हा आमच्या बुरुलचा नकाशा." तिचा धाकटा, बेकझात, लग्नाचा आहे. थोरले सुटे होतात, धाकटा चुलीपाशी राहतो, आई-बापांना सांभाळतो आणि घर त्याचं होतं. म्हणजे सून येणार ती त्याच घरात, त्याच वळणावर. तिच्यासाठी नवी खोली ओढ्याच्या बाजूला निघणार, कारण दुसऱ्या बाजूला गोठा आहे. हे सगळं एजेने एका दमात सांगितलं आणि मी "अभिनंदन" म्हणाले. तोंडातून तेच आलं.

ऑफिसला पोचेपर्यंत मला चूक कळली होती. कळल्यावर राग यायला हवा होता. आला तो थकवा, जिना चढताना गुडघ्यांत येतो तसा. आमच्या खात्यात पूर्वी प्रत्येक गावाची दोन पानं असत. एक आतलं पान, खरं. ते लोखंडी दारामागच्या गुप्त कक्षात राहायचं. सकाळी सही करून घ्यायचं, संध्याकाळी सही करून परत द्यायचं, मग दारावर दोरा ताणून त्यावर प्लॅस्टिसिनचा, मऊ मेणमातीचा गोळा दाबायचा आणि गोळ्यावर पितळी शिक्का. दुसरं बाहेरचं पान. शाळांना, साखर कारखान्याला, हिंडायला येणाऱ्यांना द्यायचं. त्यात सगळं सुंदर, सुबक, आणि थोडंसं सरकवलेलं. नदी जराशी पूर्वेला, पूल जरासा वर, रस्त्याचं एखादं वळण खाऊन टाकलेलं, म्हणजे शत्रूला तोफ डागता येऊ नये. शत्रू काही आमच्या डोंगरात आला नाही. पण कितीतरी मेंढपाळ आणि गिर्यारोहक त्या पानांवर विसंबून भलत्याच खिंडीत उतरले असतील. तरुणपणी मला या कामाचा अभिमान होता. सरकवणं हीसुद्धा कला होती: रेघ खोटी दिसता कामा नये. मग देश बदलला, झेंडा बदलला, आमचे पगार बदलले आणि पुन्हा बदलले, पण ती दोन पानं राहिली, कारण ती काढून टाका असं कुणी लेखी दिलं नाही. संगणक आले तेव्हा दोन्ही पानं इमानदारीत संगणकात चढवली. आतलं आणि बाहेरचं.

आणि मागच्या हिवाळ्यात हुकूम आला की आता सगळ्या खात्यांनी नकाशे एकमेकांना द्यायचे, कागद आणि शिपाई न पाठवता. आमचा नकाशा आमच्याच सर्व्हरवर राहील. आपत्ती खात्याने, रस्ते खात्याने, कुणीही नळ सोडावा तसा तो सोडायचा आणि हवा तेवढा भरून घ्यायचा. वेब सर्व्हिस म्हणतात त्याला. मोठ्या सभागृहात समारंभ झाला, गोड चहा झाला, परदेशी पाहुण्यांच्या डोक्यांवर पांढऱ्या कलपाक टोप्या चढवल्या आणि त्या त्यांच्या कानांवर आल्या. परत आल्यावर आमचे साहेब एसेनगेल्दी बाइके (हा शब्द आम्ही वडीलधाऱ्या पुरुषाला लावतो, साहेबालाही) बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बुरुल, ही दुसरी खाती म्हणजे आतली की बाहेरची?" मला तेव्हा हसू आलं होतं. मी म्हटलं होतं, बाइके, एकाच सरकारची आहेत. मी आठवडाभर मुलीकडे रशियात कझानला गेले होते तेवढ्यात त्यांनी कुणालातरी हाताशी धरून सर्व्हिस चालू करून घेतली. कुठलं पान लावलं ते मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. फोटोतली घरं खरी, आमचा ओढा सरकवलेला, आणि त्या ओढ्याभोवती आपत्ती खात्याच्या हुशार यंत्राने प्रामाणिकपणे रंगवलेला लाल पट्टा.

बाइके चहात जर्दाळूचा मुरंबा ढवळत बसले होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातभर लांब धरून पाहिला. "बाहेरच्यांना बाहेरचं पान," ते म्हणाले, जणू मी त्यांना पाढा विचारला होता. मी म्हटलं, ओढा टेकडी चढतोय. "हो, आपलं काम चांगलं होतं. ही रेघ कुणाची, आपल्या जुन्या नकाशाकार तुर्दुबेकची असणार." मी म्हटलं, बाइके, लोक राहतात तिथे. माझी बहीण राहते. तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. बाइके वाईट माणूस नाहीत. माझा नवरा वारला तेव्हा मेंढा घेऊन दारात आलेले ते पहिले. पण गुप्त कक्षाच्या दारावर रोज शिक्का दाबून दाबून त्यांच्या अंगठ्याला जसा घट्टा पडलाय तसाच आतही कुठेतरी पडला असावा. "आतलं पान द्यायचं तर गुप्त कक्षाची परवानगी लागते. त्यासाठी समितीची बैठक. समितीत तिघं, त्यातला एक वारला, त्याच्या जागी कुणी नेमलेलं नाही. परवानगीशिवाय दिलंस तर तो गुन्हा आहे, बुरुल. कायदा जुना आहे, पण चावतो." मग थोड्या वेळाने: "बहिणीला फोन कर. सांग, तिथे राहू नकोस. घरच्या माणसाला सांगायला सर्व्हिस कशाला लागते?"

मी आधी आपत्ती खात्यात फोन केला. तिथला मेदेर हा चटपटीत तरुण अधिकारी, बोलायला गोड. त्याला मी सगळं सांगितलं. आतलं-बाहेरचं सांगताना मला लाज वाटली, माहेरच्या भानगडी परक्याला सांगताना वाटते तशी. तो म्हणाला, "बुरुल-एजे, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण मी हाताने काही बदलू शकत नाही. तेच तर बंद केलंय ना. पूर्वी फोन यायचे, आमच्या मेव्हण्याचं घर जरा पट्ट्याच्या बाहेर घे. आता जे सर्व्हिसमधून येईल तेच खरं." मी म्हटलं, पण ते खोटं आहे. "तर मग सर्व्हिसमधून खरं पाठवा," तो म्हणाला, "रात्री यंत्र आपोआप नवा पट्टा काढेल. मला बोटसुद्धा लावावं लागणार नाही." आणि मग, चेष्टेत: "आणि एजे, बहिणीचं घर पट्ट्यात घाला म्हणून फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

जिन्याच्या मधल्या सपाटीवर एक खिडकी आहे, तिथून डोंगर दिसतात, बर्फ अजून पोटापर्यंत होतं. वर ऊन लागलं होतं. मला अशा उन्हाचं कौतुक कधीच वाटलं नाही. शहरातले लोक वसंतात डोंगराकडे पाहून उसासे टाकतात. मी वर बर्फ किती उरलंय ते बघते. मी लहान असताना लोंढा आला त्या वर्षीही असंच ऊन पडलं होतं, आणि मग दोन दिवस पाऊस. आम्ही तेव्हा ओढ्याच्या वळणावरच राहायचो. लोंढ्याला आधी आवाज असतो, ट्रॅक्टरसारखा. बाबा म्हणाले, इतक्या सकाळी ट्रॅक्टर कुणी काढला. मग वास, ओल्या दगडाचा, तळघराचा. आईने मला पाठीवर घेतलं होतं आणि मी तिच्या खांद्यावरून मागे पाहत होते, म्हणून मला दिसलं. एजे आमच्या लहान भावाचा, साग्यनचा, हात धरून पळत होती. मग ती एकटीच पळत होती. मधलं मला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल आणि मी ते कुठल्याशा लोखंडी दारामागे ठेवलं असेल. नंतर सामूहिक शेतीवाल्यांनी आम्हाला टेकडीवर जागा दिली. आई मरेपर्यंत त्या टेकडीवरून ओढ्याकडे पाठ करून बसायची. आणि पुढे एजेचं लग्न झालं ते खालच्या वळणावरच्या घरात. तिच्या सासऱ्याने लोंढ्यानंतर तिथेच पुन्हा भिंती घातल्या होत्या, कारण जमीन तीच होती, आणि माणूस जमीन असेल तिथे राहतो.

"एजे, पाया खणू नका," मी म्हटलं. "नकाशा चुकलाय."

पलीकडे वाडगे एकात एक ठेवल्याचा आवाज आला आणि थांबला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"कागदावर तू म्हणतेस बाहेर, फोनवर म्हणतेस आत. तुझं एक काय ते ठरव, पोरी."

"एजे, तुला आठवतं ना, साग्यन..."

"त्याचं नाव तू काढू नकोस." ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्याचा हात माझ्या हातात होता, तुझ्या नव्हता. पाणी कुठून येतं ते तू मला सांगणार? मी त्या पाण्याला कान लावून इतकी वर्षं झोपतेय. मला माहीत नाही होय? कचेरीत तो नकाशा पाहिला तेव्हा पहिल्यांदा मीच हसले मनात. म्हटलं, यांचा ओढा शाळेत शिकायला चाललाय."

मी विचारलं, मग?

"मग काय? पाणी कुठे येतं ते बघायला मला नकाशा नकोच होता, बुरुल. मला येत नाही म्हणून सांगणारा कागद हवा होता. त्या कागदावर परवानगी मिळते, विजेची जोडणी मिळते, पोराला बायको मिळते. लाल पट्ट्यातल्या घरात लेक कोण देतं? बेकझात गेल्या वर्षी रशियाला निघाला होता, लग्न ठरलं म्हणून थांबलाय. हे मोडलं की गेला. आणि गेलेले परत येत नाहीत, तुझी मुलगी तरी कुठे आली?"

"आणि सून आणशील, तिला त्या ओढ्याकडच्या खोलीत झोपवशील?"

"सांगून झोपवीन," ती म्हणाली. "पाऊस लागला की पायांत चपला घालून झोपायचं. मला सासूने शिकवलं, मी तिला शिकवीन. तू यात पडू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या त्या खात्याचा आम्हाला उपयोग झालाय." आणि तिने फोन ठेवला.

मी त्या खिडकीपाशी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. खरं सांगायचं तर मला काहीच करायचं नव्हतं. घरी जावं, मोजे काढावे, सुपात पाव बुडवून खावा, झोपावं. गप्प बसले तर सगळ्यांचं भलं होत होतं, टेकडीवरचे सोडून. आणि टेकडीवरच्यांना सपाटीवर नेऊन सोडतील, रडतील, रुळतील, माणसं रुळतात. लोंढा पंचवीस वर्षांत येईल, किंवा येणारही नाही. एजे मला माफ करील. बाइके आणखी काही महिन्यांनी सन्मानाने निवृत्त होतील, त्यांना घड्याळ मिळेल. मी हे सगळं अगदी शहाण्यासारखं मनात मांडलं, आणि प्रत्येक वेळी मध्येच ती पोरगी यायची, जिला मी पाहिलेलंसुद्धा नाही. अंगावर नवं पांघरूण, भिंतीवर नवा गालिचा, आणि पायांत चपला. ती शहरी असेल तर हसेल. पहिल्या पावसात घालील, दुसऱ्या पावसात घालील, तिसऱ्यात तिला कंटाळा येईल. मला एजेचा राग आला, भयंकर राग आला, की तिने मला त्या चपला सांगितल्या. न सांगता ठेवला असता फोन तर मी घरी गेले असते.

सर्व्हिसची किल्ली माझ्याकडेच होती, कारण बाइकेंना पासवर्ड लक्षात राहत नाही. गावांच्या नावांची रांग पडद्यावर आली, प्रत्येकापुढे बारीक अक्षरांत दोन पर्याय. मी एकट्या कोक-झारचं बदलू शकले असते. पण मग बाकीच्या गावांतही कुणाकुणाच्या बहिणी असणार. मी सगळ्याच दरीचं बदललं. संगणकाने विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो. पंखा जसा घरघरत होता तसाच घरघरत राहिला. बाइके मागे येऊन उभे राहिले होते ते मला मुरंब्याच्या वासावरून कळलं.

"काय केलंस?"

"आतलं पान लावलं."

"कुणाच्या नावाने?"

"माझ्या."

ते शेजारच्या खुर्चीत बसले. "माझ्या नावाने लावायचं होतंस. मला असंही घरीच बसायचंय."

"तुमचा पासवर्ड तुम्हालाच आठवत नाही, बाइके."

"तेही खरं," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या निळ्या रेघेकडे पाहत बसलो. ती आता वळणावर होती, चिनारांच्या रांगेशी बरोब्बर जुळलेली. सुंदर काम होतं. तेही तुर्दुबेकचंच असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी एजेचा फोन आला. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि मी त्यासाठी दार लावून बसले होते. "कचेरीतला नकाशा बदलला," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "टेकडीवरचे सुटले. सालकिन बोरसोकचे गोळे तळून घेऊन आली होती. आजवर या दारात कधी आली नव्हती. टोपली ठेवली आणि म्हणाली, आता काय करणार बाई तुम्ही. मला वाटलं टोमणा मारील. नाही मारला."

"व्याही?"

"त्यांचा फोन आला. चांगलं बोलले. लग्न पुढे ढकलू म्हणाले." "बेकझात तिकिटाचं बघतोय. तूच केलंस ना?"

"हो, एजे."

"मला वाटलंच." पलीकडे ती श्वास घेत होती, म्हाताऱ्या बाईसारखा. ती म्हातारी झालीय हे मला तेव्हा जाणवलं. "बरं. वाईट केलंस असं मी म्हणणार नाही. साग्यनची शपथ, नाही म्हणणार. पण नोटीस आलीय, घर सोडा. मी कचेरीत विचारलं, सोडून जायचं कुठे? ते म्हणाले, नकाशात बघा. तिथल्या नकाशात मला काही दिसत नाही. तू बघून सांग."

मी आपत्ती खात्याचा नकाशा उघडला. लाल पट्टा होता, ठसठशीत, त्यांच्या घरावरून, गोठ्यावरून, न खणलेल्या खोलीवरून गेलेला. हलवलेल्यांना द्यायच्या जागा जमीन खात्याकडे असतात, आणि जमीन खातं अजून जोडलं गेलेलं नाही. त्यांच्या सर्व्हिसचा करार कुठल्याशा टेबलावर आहे. उजवीकडे त्यांच्या नावाचा एक चौकोन होता. मी तो दाबला. पुन्हा दाबला. पट्ट्याच्या बाहेर सगळं नुसतंच मोकळं होतं.

"दिसलं का काही?" एजेने विचारलं.

"थांब जरा, एजे. बघतेय."

"थांबते," ती म्हणाली. "मी कुठे जाणार?"